कोयनेच्या पाण्यावरून वायरलेस : प्रकल्पाच्या नोंदी

८ मे २०२२

मुंबईकर गावी आहेत तोवर बैठक उरकायची, म्हणून रात्री नऊला देवळात बसलो. शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पलीकडच्या अंगाला आमच्या चार वाड्या. बामणोलीहून लाँचने यायचं, पुढे पायवाट. फोनला रेंज हवी तर खिंडीत चढायचं. लॉकडाऊनमध्ये पोरं तिथंच छत्री धरून शाळा शिकली. ठरलं ते असं : साताऱ्याच्या बाजूने इंटरनेट घाटमाथ्यावर आणायचं, तिथून पाण्यावरून आमच्या तीरावर, आणि मग चारही वाड्यांत वाटायचं. मी नवी मुंबईत नेटवर्कचंच काम करतो, त्यामुळे "तूच बघ" हे ओघानं आलं. मुंबईच्या मंडळाने सुरुवातीला चाळीस हजार दिले.

नोंदी ठेवायची अट सरपंचताईंची. "पैसा कुठं गेला ते वहीत असतंच. का गेला ते लिहून ठेव."

१२ मे

आज नुसता नकाशा. उंचीची माहिती अमेरिकी अंतराळ शटलच्या रडारची, फेब्रुवारी २००० मधली, फुकट मिळते. रडार असल्याने दाट रानाचा शेंडाच जमीन म्हणून नोंदला गेलाय, आणि धरणाचं पाणी त्या पंधरवड्यात जिथं होतं तिथंच निळ्या सपाट तुकड्यासारखं गोठलंय.

टप्पे दोन. कास रस्त्यावरच्या एका हॉटेलपर्यंत फायबर आलंय. तिथून घाटमाथ्यावरच्या आबांच्या घरापर्यंत ११ किलोमीटर. कासच्या पठारावर काही उभारायचा प्रश्नच नाही, ते राखीव वन आणि २०१२ पासून जागतिक वारसा. आबांचं घर मालकीच्या जमिनीत आहे. दुसरा टप्पा आबांच्या घरापासून आमच्या शाळेच्या छपरापर्यंत, ९ किलोमीटर, त्यातला बराचसा पाण्यावरून.

पहिल्या टप्प्यात डोकं जास्त खाल्लं. नजरेची रेषा मोकळी असून भागत नाही, रेषेभोवतीचा काकडीसारखा फुगलेला पट्टाही मोकळा लागतो. ११ किलोमीटरला ५.८ गिगाहर्ट्झवर (आमच्या वायरलेसची वारंवारता) मध्यावर त्याची त्रिज्या १२ मीटर. निदान साठ टक्के म्हणजे सात मीटर तरी सुटले पाहिजेत, वर पृथ्वीच्या बाकाचे पावणेदोन. म्हणजे मधल्या झाडांच्या शेंड्यांवर नऊ मीटर जागा. पठार डोळ्याला ताटासारखं सपाट दिसतं, पण चौथ्या किलोमीटरला एक उंचवटा आणि त्यावर झाडी आहे. आबांच्या घरावर सहा मीटरचा जीआय पाइप लागणार.

दुसऱ्या टप्प्याची काळजी नाही. माथा भरलेल्या पाण्यापासून साधारण ५०० मीटर वर, शाळा ४० मीटर वर, मध्ये नुसती दरी.

(नोव्हेंबरमधली भर : हे वाक्य मुद्दाम खोडलेलं नाही.)

२२ मे

आरशाची चाचणी. आबांच्या अंगणात चुलतभाऊ कपाटाचा फुटका आरसा घेऊन, मी शाळेच्या पत्र्यावर दुर्बीण घेऊन. फोन लागत नाही, म्हणून आदल्या दिवशीच घड्याळं जुळवून घेतलेली. सव्वाआठला डोंगराच्या काळ्या कडेवर टाचणीएवढा ठिणगा पेटला, विझला, पुन्हा पेटला. खाली पोरांनी एकच कल्ला केला. मग आमची पाळी; गुरुजींनी शाळेचा आरसा सूर्याला लावला आणि तिकडून तीन वेळा उत्तर आलं. अशा वेळी कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही.

दुपारी खरी चाचणी. दोन्हीकडे २३ डीबीआयच्या छोट्या डिश (डीबीआय म्हणजे डिश लहर किती एकवटते त्याचं माप), चॅनेल ५७८५ मेगाहर्ट्झ, रुंदी २० मेगाहर्ट्झ. या पट्ट्यात परवान्याशिवाय चालते ती कमाल ताकद अँटेनासकट ४ वॉट, म्हणजे ३६ डीबीएम, तेवढीच ठेवली. कागदावर प्रत्येक पोलरायझेशनला (लहर उभी डोलते किंवा आडवी, दोन्ही एकदम वापरतात) −७१ डीबीएम येत होतं; हा पोचलेल्या सिग्नलचा आकडा, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. प्रत्यक्षात उभं −७१, आडवं −७०. तासभर हललं नाही. ८० एमबीपीएसच्या आसपास वेग. गुरुजींनी लगेच कोयना धरणाची बातमी उघडून पाणीसाठा वाचून दाखवला.

३० मे

कायद्याची बाजू. ५.८ चा पट्टा परवानामुक्त आहे, २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झमधला आणखी बराच भाग मोकळा झाला. पण पट्टा मोकळा म्हणजे इंटरनेट वाटायला मोकळीक, असं नाही. गावात बऱ्याच जणांचा हा घोटाळा होतो. विकायचं तर इंटरनेट सेवादाराचा परवाना हवा, नाहीतर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी या सरकारी सार्वजनिक वायफाय योजनेची वाट. त्यात आपण नुसतं 'जनता डेटा कार्यालय', म्हणजे पीडीओ; वाण्याच्या दुकानाएवढं सोपं, ना परवाना ना नोंदणी. ग्राहकांना प्रवेश देणं आणि हिशेब वरचा नोंदणीकृत संग्राहक सांभाळतो.

अडचण एकच, आणि ती विनोदी आहे. पहिल्यांदा ओळख पटवायला मोबाइलवर ओटीपी येतो. ओटीपीला रेंज लागते. रेंज असती तर हा खटाटोप कशाला? तोडगा : ज्याला त्याला एकदा लाँचने बामणोलीला नेऊन तिथं ॲप चालू करून द्यायचं. म्हाताऱ्यांना बाजाराच्या दिवशी.

७ जुलै

नवी मुंबईतून. पाऊस लागलाय, गावाला जाणं नाही. गुरुजींना वीज गेल्या-आल्याची नोंद ठेवायला सांगितलं होतं. लाँचबरोबर कागद आला. जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून सर्वांत लांब अंधार एकावन्न तासांचा. म्हणजे सौर हवंच.

भार : तीन रेडिओ (डिशला जोडलेली वायरलेस यंत्रं), एक राउटर, मिळून ३० वॉट. दिवसाला ७२० वॉट-तास. आमच्याकडच्या जुलैत पॅनेलला पूर्ण उन्हाचा हिशेबाने एक तास मिळाला तरी नशीब. तीन दिवस सूर्य न दिसता चालवायचं तर १२ व्होल्टची २०० ॲम्पियर-तासांची लिथियम बॅटरी आणि एक किलोवॉटचं पॅनेल. अंदाजपत्रकातली सर्वांत महाग वस्तू रेडिओ नाही, बॅटरी आहे. रात्री अकरा ते पाच बंद ठेवलं तर पाव भार वाचतो. पण रात्रपाळीवरून नवरे घरी फोन करतात ते त्याच वेळात. सरपंचताई म्हणाल्या, ते बंद करायचं नाही.

४ सप्टेंबर

गौरीपूजन. गाव भरलंय. पोरांना घेऊन घरं मोजली : चार वाड्या, १८४ घरं. मेच्या शेवटी मोजली तेव्हा ११२ ना कुलूप होतं, आज नऊंना. निम्मं गाव वाशीच्या मार्केटात माथाडी, उरलेलं माथाड्यांच्या मागे गेलेलं. त्यामुळे क्षमता कुठल्या दिवसाची धरायची? रोजच्या ७२ घरांना ३० एमबीपीएस पुरतात. गौरी-गणपतीला आणि यात्रेला सगळी मुंबई इथं येऊन व्हिडिओ बघणार. ६० धरले, वर्षातले बारा दिवस हळू चाललं तर कुणी मरत नाही. यावर रात्री वाद झाला, पण माझ्या म्हणण्यावर राहिला.

१३ नोव्हेंबर

शाळेच्या छपरावर कायमची डिश लावायला आलो. तीच जागा, तोच चॅनेल, तेच यंत्र. उभं −७२, आडवं −७७. वेग निम्म्याहून खाली. तिकडची डिश हलली असेल म्हणून चुलतभावाला पुन्हा नेम धरायला लावलं, नाही. केबल बदलली, कनेक्टर कापून नवे चढवले. नाही. संध्याकाळी वैतागून चॅनेल बदलत बसलो आणि आकडे वहीत उतरवले.

५७४५ : आडवं −६७, उभं −६९
५७६५ : −७४, −७१
५७८५ : −७७, −७२
५८०५ : −६८, −६९
५८२५ : −६९, −७०
५८४५ : −७७, −७२

चॅनेल सरकवला की आडवं झोक्यासारखं वर-खाली. यंत्र बिघडलं तर असं तालात बिघडत नाही.

१४ नोव्हेंबर

रात्रभर झोप नाही. उत्तर समोरच पसरलेलं होतं : पाणी. माथ्यावरून निघालेली लहर दोन वाटांनी येते, एक सरळ आणि एक पाण्यावर आपटून. दुसरी वाट पहिलीपेक्षा ४.४ मीटर लांब. ५.८ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण ५.२ सेंटिमीटर. दोन्ही जोडीनं आल्या तर सिग्नल चढतो, एकमेकींच्या उलट आल्या तर बसतो. साडेचार मीटरच्या फरकाला चॅनेल साधारण ६७ मेगाहर्ट्झने सरकवला की झोका पुरा होतो. कालच्या वहीत तसंच उतरलंय. उभं कमी हलतं तेही बरोबर : इतक्या तिरक्या कोनात उभी लहर पाणी एक तृतीयांशच परत करतं, आडवी जवळजवळ सगळी.

मग मेमध्ये का नाही? भरल्या धरणात लहर आपटते ती जागा शाळेपासून पावणेसातशे मीटरवर येते. मेमध्ये पाणी पंचवीसएक मीटर खाली, तेव्हा ती जागा किलोमीटरभर लांब. तिथं काय असतं हे नकाशाला माहीत नाही.

लाँचवाल्या तात्यांना विचारलं. त्यांनी बोट करून दाखवलं. "थितं? थितं मे म्हैन्यात पानीच नसतंय. जुन्या गावाची शेतं उगडी पडत्यात. माज्या बाची ताल हाय त्यात." ओबडधोबड ढेकळं आणि बांध, आरसा नाहीच. म्हणून मेची चाचणी इतकी देखणी आली. त्या देखण्या चाचणीवर मी पंचेचाळीस हजारांची ऑर्डर द्यायला निघालो होतो.

२० नोव्हेंबर

हिशेबात आणखी एक आकडा निघाला, तो जास्त त्रासाचा. पाणी ४३ सेंटिमीटर उतरलं की झोका पूर्ण होतो. म्हणजे आज चांगला चॅनेल शोधला तरी पाणी वीतभर उतरलं की तोच वाईट. खात्री करायला आठवडाभर यंत्र छपरावर चालू ठेवलं आणि तात्यांना पाणी मोजायला सांगितलं. ते म्हणाले, मोजायला कशाला पाहिजे, धक्क्याच्या पायऱ्या आहेत की. पायरी टेपने मोजली : २१ सेंटिमीटर. अर्धा झोका बरोब्बर एक पायरी!

तात्यांची वही म्हणजे डिझेलच्या हिशेबाची वही, समासात "पा. १ उगडी", "पा. २ उगडी". आठ दिवसांत तीन पायऱ्या. माझ्या आलेखात ५७४५ वरचं आडवं −६७ वरून −७७, पुन्हा −६७, पुन्हा खाली. पायऱ्यांच्या तारखा आलेखावर पेन्सिलीने मांडल्या आणि ते कागद गुरुजींनी वर्गात लावले.

११ डिसेंबर

तीन उपाय मनात होते. एका खांबावर वर-खाली दोन डिश लावून जी चांगली ती घ्यायची : दुप्पट यंत्रं, परवडत नाही. दुसरा : आमच्या बाजूला मोठी डिश. थेट लहर क्षितिजाच्या तीन अंश वरून येते, पाण्यावरची साडेतीन अंश खालून; फरक सहा-साडेसहा अंशांचा. २३ डीबीआयच्या डिशला दोन्ही दिसतात. ३० डीबीआयची, जेमतेम दीड हात रुंद, एवढ्या अंशांवरचं बरंच टाकून देते. ताकदीची मर्यादा तीच असल्याने मोठ्या डिशने जास्त ओरडता येत नाही, पण जास्त ऐकता येतं. माथ्यावर मोठी लावून उपयोग नाही, तिथून दोन्ही लहरी अर्ध्या अंशाच्या फरकात असतात.

तिसरा उपाय फुकटचा. मी शाळा निवडली ती तिथून सगळं छान दिसतं म्हणून. हवी होती ती अशी जागा की माथा दिसेल आणि पाणी दिसणार नाही. दिवसभर चुलतभावाबरोबर वरच्या अंगाला हिंडलो. जिथं जिथं पाणी चकाकलं तिथं फुली. चार वाजता काकूंच्या गोठ्यामागे उभा राहिलो : समोर एक बुटकी धार, तिच्यावरून आबांच्या घराचा पत्रा दुर्बिणीत लख्ख, आणि धरण संपूर्ण लपलेलं. डावीकडे शाळा दिसते, पुढची वाटणीही सुटली.

तिथंच लहान डिश हातात धरून चाचणी घेतली. सहाही चॅनेलवर आडवं −७० ते −७२. पाणी अजून बरंच वर आहे.

काकूंची अट : "तुमच्या बॅटरीवर माज्या गोठ्यात एक दिवा. बिबट्या येतो." पाच वॉट. हिशेबात बसवला. मोठी डिशही घ्यायचं ठरवलं. धार पुरेशी आहे, पण मेची चाचणी मी अजून विसरलेलो नाही.

८ जानेवारी २०२३

एका मुंबईकराने सुचवलं, वासोटा किल्ल्यावर खांब लावा, सगळं खोरं येईल. येईल. पण वासोटा कोयना अभयारण्यात, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. सगळं मालकीच्या जमिनीतच राहील, एकाही झाडाला खिळा नाही. यावर त्यांनी नेपाळचा दाखला दिला : महाबीर पुन यांनी नांगी गावाकडे नेट नेलं तेव्हा रिले झाडावर चढवले होते. खरंय, आणि त्या कामाला पुढे २००७ चं मॅगसेसे मिळालं. पण आमच्या वाऱ्यात झाड दोन हात झुलतं आणि मोठ्या डिशचा झोत पाच-सहा अंशांचा. झाड नको.

करारनामा मात्र बाहेरूनच उचलला. कॅटलोनियात २००४ पासून चालणाऱ्या गीफी.नेट या लोकांच्या सामायिक नेटवर्कचा नियम : जो जोडला जाईल त्याने दुसऱ्याची वाहतूक आपल्या छपरावरून जाऊ द्यायची. आमच्याकडे तो वाटेच्या हक्कासारखा समजावला, पाच मिनिटांत पटला. "पाणंद आडवायची न्हाई," एवढंच सगळ्यांनी लक्षात ठेवलं.

१९ फेब्रुवारी

ज्या सेवादाराने ऑगस्टमध्ये ६० एमबीपीएसचं तोंडी कबूल केलं होतं, तो आता म्हणतो त्या हॉटेलच्या पुढे वाटायला परवानगी नाही. लीज लाइन (स्वतंत्र भाड्याची जोडणी) घ्या, दर तिप्पट. दोन आठवडे त्यात गेले. दुसरा मिळाला, पीएम-वाणीची अट लेखी मान्य असलेला. महिन्याचा खर्च ७२ घरांत वाटला तर घरटी दीडशेच्या आत बसतो. मुंबईकरांच्या बंद घरांकडून पन्नास घ्यायचे का, यावर निर्णय नाही.

२६ मार्च

आबांच्या घरी अर्थिंग. वर जांभा, पहारीने दोन फूट गेलं की ठणठण. जांभ्यात रोध इतका की एका खड्ड्याने काही होत नाही. तीन खड्डे एकमेकांना पट्टीने जोडले, कोळसा-मीठ भरलं, मोरीचं पाणी तिकडे वळवलं. वळवाच्या विजा याच माथ्यावर पडतात. गेल्या एप्रिलमध्ये आबांचा टीव्ही गेला होता, म्हणून ते स्वतः पहार घेऊन उभे.

३० एप्रिल

मोठी डिश काकूंच्या गोठ्यामागे उभी राहिली. खांबाला तीन ताण. डिश म्हणजे शीड. नेम धरताना साधी झुळूक आली तरी हाताला कळतं. दोन्ही पोलरायझेशन −६४. पण आता पाणी उतरलंय, म्हणून या आकड्यावर मी काही बोलणार नाही, असं सरपंचताईंना सांगितलं. त्या हसल्या.

केबल सगळी लवचीक लोखंडी नळीतून नेली. वानरांनी पहिल्याच आठवड्यात तिसऱ्या वाडीतली उघडी दोन हात केबल सोलून ठेवली होती.

१८ जून

पाऊस लांबला. धरण तळाला, जुनी शेतं अजून उघडी. लाँच वरपर्यंत येत नाही, तात्यांनी धक्का सोडून खाली ओढ्याच्या तोंडाशी लावलीये. नेट चालू आहे, ४१ घरं जोडली. ओटीपीच्या फेऱ्या तीन झाल्या. एका आजीचा फोनच बंद नंबरवर होता, ती फेरी वाया.

३० जुलै

पंधरा दिवस धो धो. वीज सलग ३८ तास गेली, बॅटरी ३४ टक्क्यांवर आली, पण बसली नाही. ५.८ वर पाऊस काही डेसिबलच खातो. पहिल्या टप्प्यात मात्र उंचवट्यावरची ओली झाडी नडते, तिथं सहा डेसिबल गेले. आबांचा पाइप आणखी दीड मीटर वाढवावा लागेल, पण दिवाळीनंतर.

जुनी शेतं बुडाली. रोज रात्री नऊला सगळ्या चॅनेलची फेरी आपोआप नोंदवली जाते. गेल्या तेरा दिवसांत आडवं −६४ ते −६५, उभं −६४. धक्क्याच्या पायऱ्यांपर्यंत पाणी अजून पोचलेलं नाही. तात्यांना वहीत लिहायला सांगितलंय, पोचलं की मला वायफायवरून फोन करायचा. ते म्हणतात फोन कशाला, वही पाठवतो लाँचवरून.

बाकी : मुंबईकरांच्या पन्नास रुपयांचा निर्णय. चौथ्या वाडीचा खांब. काकूंच्या दिव्याचं बटण बाहेरच्या बाजूला हवंय.